मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान: अंतर आणि वेळ यांचा मेळ कसा घालावा?

साताराकर: आई-वडील डिसेंबरमध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला बहिणीकडे जाणार आहेत. दोन्ही शहरांमधले हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर प्रवास चौदा तासांच्या आत संपायला हवा. तिकिटावर मात्र जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा तास लिहिले आहेत. शिवाय रात्री दीडला सुटणारे विमान त्याच दिवशी सकाळी सातला पोहोचते म्हणे! पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला निघालेल्या विमानाला उलट कमी वेळ लागायला नको का?

घड्याळजी: सातचे कोडे सोपे आहे. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते. दीडमध्ये सोळा तास मिळवले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात, आणि त्याच क्षणी तिथे सकाळचे सात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांवर राहतो. परतीची तारीख त्या काळात असेल तर हिशेब नव्याने करावा.

वाराविहीर: पृथ्वीच्या फिरण्याबद्दलची शंका अनेकांना येते, पण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आणि विमान त्या हवेतूनच उडत असल्यामुळे असा थेट फायदा मिळत नाही. खरा फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात, त्यामुळे डिसेंबरात न्यूयॉर्ककडे जाताना विमानाला समोरून वारा झेलावा लागतो आणि परतताना तोच वारा पाठीशी असतो. तिकिटावरचा काळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा असतो, म्हणजे धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच आली.

नकाशावेडा: वरच्या उत्तरांत मार्गाचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १२,५०० किलोमीटर हे गोलावरचे किमान अंतर आहे. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसते, परंतु पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास तो मुंबईतून जवळजवळ उत्तरेकडे निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान आणि रशिया ओलांडून फिनलंड-स्कँडिनेव्हियावर येतो, आइसलँडजवळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करतो आणि मग कॅनडातून खाली उतरतो. प्रत्यक्ष विमान या दोऱ्यावरून क्वचितच जाते, कारण वाऱ्याबरोबरच राजकारणही आडवे येते. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या बाबतीत तेच केले आणि मुंबईहून निघणाऱ्या विमानांना आधी अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागू लागला. म्हणून एकाच दोन शहरांसाठी कंपनीनुसार वेळ वेगळी दिसते. अंतर भागिले वेग या गणितापेक्षा तुमच्या तारखेच्या उड्डाणाची जाहीर वेळ धरणेच शहाणपणाचे.

साताराकर: सर्वांचे आभार. परतीचे तिकीट एप्रिलचे आहे, म्हणजे न्यूयॉर्कहून सकाळी अकराला निघून साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा, बरोबर ना?

घड्याळजी: बरोबर. जानेवारीत हेच विमान दुपारी बाराला पोहोचले असते.