‘ओरिजनल’ घड्याळ म्हणजे नेमकं कुठलं?

शहापूर, बेळगाव:
आमच्या काकांनी जमवलेली जुनी मनगटी घड्याळं आता माझ्याकडं आहेत. एकेकाची नोंद वहीत करून ठेवावी म्हणतोय. जाणकारांना फोटो पाठवला की पहिलं विचारतात, ‘ओरिजनल आहे का?’ आईला विचारलं तर म्हणते, ‘ओरिजनलच की! भाऊजींनी चांगल्या दुकानातनं आणलेलं.’ घड्याळजी म्हणतो, ‘मशीन ओरिजनल, डायल नवं केलंय.’ सगळे एकच शब्द वापरतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. वहीत काय लिहू? आईलाही वाचता येईल असं मराठी पाहिजे.

निपाणी:
बाजारात ‘ओरिजनल’च्या उलट ‘डुप्लिकेट’. कंपनीचं नाव खरं की खोटं, एवढंच त्यातनं कळतं, आणि त्या अर्थानं तुमच्या आईचं बरोबरच आहे. जमवणारा माणूस विचारतो ते वेगळं: कारखान्यातनं निघताना जे भाग होते तेच आज आहेत काय? त्याला मी ‘मूळ’ लिहितो. पण ‘मूळ’ हे अख्ख्या घड्याळाला लावायचं नाही, भागाला लावायचं. तबकडी मूळ, काटे बदललेले, मशीन मूळ, काच नवी. पन्नास वर्षं कुणाच्या तरी हातावर राहिलेल्या घड्याळाची काच बदललेली असणारच, त्यात कमीपणा कसला?

खानापूर:
‘बदललेली’ आणि ‘रंगवलेली’ यांत गल्लत करू नका. दुसऱ्या घड्याळाची तबकडी काढून बसवली तर ती बदललेली. तीच तबकडी घासून नवा रंग दिला आणि वर नाव छापलं तर ती रंगवलेली. अशी रंगीबेरंगी घड्याळं आपल्याकडनं इतकी बाहेर गेलीत की परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात.

भिंग लावून बघा. मूळ छपाईत अक्षराची कड धारदार असते. रंगवलेल्यात शाई जरा फुगलेली दिसते आणि मिनिटांच्या रेघा वर बसवलेल्या धातूच्या खुणांशी जुळत नाहीत. स्विस घड्याळाच्या तबकडीवर सहाच्या खाली, अगदी काठाला ‘स्विस मेड’ असतं. रंगवताना ते बरेचदा गायब होतं, नाहीतर वर सरकतं. भगवी किंवा पोपटी तबकडी दाखवून ‘१९६०चं, जसंच्या तसं’ असं कुणी म्हणालं तर चहा घ्या आणि उठा.

शहापूर, बेळगाव:
वेस्ट एंड कंपनीचं एक ‘सोवार प्राइमा’ आहे. तबकडी पांढरीशुभ्र, सहाखाली काहीच नाही. मागचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला सुईनं ओरबाडल्यासारखे बारीक आकडे दिसले. हाच घड्याळाचा नंबर काय?

निपाणी:
नाही. कंपनीचा नंबर ठशानं उमटवलेला असतो, अक्षरं एका ओळीत, एकसारखी. ओरबाडलेले आकडे घड्याळजीचे. दुरुस्तीला आलेलं घड्याळ पुन्हा ओळखता यावं म्हणून पूर्वी झाकणाच्या आत अशी खूण करत. ‘दुरुस्तीची खूण’ म्हणून जशीच्या तशी उतरवून घ्या, आणि पॉलिश करणाऱ्याला झाकणाच्या आतल्या बाजूला हात लावू देऊ नका. ‘सोवार’ म्हणजे आपला सवार, घोडदळातला. कंपनी स्विस, पण गिऱ्हाईक ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतलं. बेळगावात छावणी, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. इथल्या जुन्या घरांतनं असली घड्याळं निघाली तर नवल नाही.

चिकोडी:
एक शब्द राहिला, रेडियम. आपल्याकडं गाडीच्या नंबरप्लेटवर चिकटवायची चमकती पट्टीसुद्धा रेडियम आणि ते काम करणारं दुकान ‘रेडियमवाल्याचं’. त्या पट्टीत रेडियम औषधालाही नसतं. जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर मात्र खरोखरचं, किरणोत्सर्गी रेडियम असायचं. अंधारात आता चमकत नाही म्हणजे ते संपलं, असं समजू नका. चमकणारा लेप थकतो, रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. काच काढून ते आकडे खरवडायचे नाहीत, भुकटी श्वासातनं आत गेली तर वाईट. साठच्या दशकापासून त्याच्या जागी ट्रिटियम हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य येत गेलं. पुढं ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ दिसू लागला तो त्याचाच. म्हणून नोंदीत नुसतं ‘चमकते आकडे’ लिहा. ‘रेडियम’ लिहायचं ते जाणकारानं तपासून सांगितल्यावरच.

बेळगाव, अनगोळ:
वेळ लावायच्या बटणाला इंग्रजीत क्राउन म्हणतात, मग मराठीत ‘मुकुट’ चालेल का?

खानापूर:
मुकुट देवाला घाला हो. घड्याळाला किल्ली नाहीतर चावी.

चिकोडी:
आमचा घड्याळजी कानडी, त्यालाही किल्ली लगेच कळते. चावी देण्याला कन्नडमध्ये ‘कीली कोडू’ म्हणतात, आणि काट्याला ‘मुळ्ळू’, म्हणजे काटाच, बाभळीचा असतो तसा. ‘तबकडी’ म्हटल्यावर मात्र तो माझ्या तोंडाकडं बघतो. त्याच्याशी बोलताना डायल म्हणायचं, वहीत तबकडी लिहायचं.

शहापूर, बेळगाव:
आणि सतरा ज्वेल? आईला वाटतं आत हिरे आहेत.

निपाणी:
‘खडे’ लिहा, पण किमतीचे नव्हेत म्हणून सांगा त्यांना. कारखान्यात बनवलेलं माणिक असतं ते. चाकांच्या आसाची टोकं त्यात फिरतात, म्हणून झीज कमी होते. चावीच्या साध्या घड्याळात सतरा म्हणजे पुरेपूर.

शहापूर, बेळगाव:
मग एका घड्याळाची नोंद अशी केली, बघा: ‘एचएमटी जनता. चावीचं, सतरा खडे. मशीन मूळ. तबकडी देवनागरी, मूळ. काटे मूळ. काच नवी. पट्टा नवा. चालू.’

खानापूर:
बाकी ठीक. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली, आणि जनता हे त्यांचं घरोघरी पोचलेलं मॉडेल. देवनागरी तबकडीला आता मागणी आहे, म्हणून साध्या तबकड्या रंगवून देवनागरी करणारेही निघालेत. तुमचं खरंही असेल. तरी भिंगातनं बघितल्याशिवाय ‘मूळ’ लिहू नका. तोवर ‘तपासायची’ लिहून जागा मोकळी ठेवा. आणि ‘चालू’च्या पुढं दिवसाला किती मिनिटं पुढं-मागं जातं तेही टाका. नुसतं ‘चालू’ तर विकणाराही म्हणतो.

निपाणी:
त्या सोवारची तबकडी ‘रंगवलेली’ ठरली तर कुणी रंगवली तेही विचारा. तुमच्या काकांचा नेहमीचा घड्याळजी अजून दुकानात बसत असेल तर झाकण घेऊनच जा, आतली खूण त्याची असली तर तो लगेच सांगेल.