चाळिशीनंतरचे आई-बाबा: दम आणता कुठून?

माझं वय ४६, लेक ८ वर्षांची. लग्न उशिरा, मूल त्याहून उशिरा. परवा सोसायटीच्या आवारात पकडापकडी चालली होती आणि राज्य माझ्यावर आलं. दहा मिनिटं झाली तरी एकही पोर हाती लागेना. शेवटी लेकीनेच फर्मान काढलं, "बाबावर राज्य नको, मग खेळ संपतच नाही." हसण्यावारी नेलं, पण लागलं. तेव्हा ज्यांची मुलं अजून लहान आहेत आणि गुडघे मात्र मोठे झालेत, त्यांनी आपापले अनुभव लिहा. काय जमलं, काय फसलं, दोन्ही. दीक्षित की दिवेकर हा डाएटचा वाद कृपया नको, त्यात आमच्या घरीच दोन पक्ष आहेत.

*

डोंबिवली. वय ४३, मुलगे ११ आणि ७.
मला दोन वर्षं नुसता थकवा होता. संध्याकाळी लोकलमधून उतरून जिना चढायचा म्हटलं की पाय शिशाचे व्हायचे. सासूबाई म्हणायच्या, "चाळिशी आली की असंच होतं गं." मलाही पटलेलं. शेवटी नणंद ओढून डॉक्टरांकडे घेऊन गेली. हिमोग्लोबिन ८.९, बी-१२ तळाला. आम्ही पक्के शाकाहारी, त्यात मुलांच्या डब्यात पनीर आणि माझ्या डब्यात काल उरलेली भाजी. इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या (आणि गोळीबरोबर चहा बंद, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं), तीन महिन्यांत माणसात आले. व्यायाम मी त्यानंतर सुरू केला. आधी केला असता तर चौथ्या दिवशी सोडला असता. आता मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवायचं नाही एवढा एक नियम पाळायचा प्रयत्न चालू आहे. टाकवत नाही हो.

*

पुणे. वय ५१, मुलगा १४.
पन्नाशीचा संकल्प म्हणून मुलाबरोबर सिंहगड. आतकरवाडीतून पायवाटेने, पहिल्याच रविवारी, ईर्ष्येने. चढलो झकास. वर पिठलं-भाकरी, भजी, मडक्यातलं दही, सगळं हाणलं. उतरताना अर्ध्यावर मांड्या लटपटायला लागल्या आणि चिरंजीव मागे वळून "बाबा, हात देऊ?" म्हणाले. पुढचे चार दिवस जिना उलटा उतरत होतो. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, चढताना दम लागतो, पण उतरताना शरीराचं वजन मांडीचे स्नायू पेलून धरत असतात, आणि तुमच्या मांडीत आहे काय? रोज खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहाच्या तीन फेऱ्या. इतका बिनडौल व्यायाम दुसरा नसेल, पण गुण त्यालाच आला. नुसतं चालणं पुरत नाही, हे मला पन्नाशीत कळलं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या चालण्या-बिलण्यासोबत दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते, तो दुसरा भाग आपण सोयीस्करपणे वाचत नाही.

*

नाशिक, वय ४५.
मुलं झोपली की ११ ते १ "माझा वेळ", म्हणजे मोबाइल. तो बंद केला. बाकी काहीही बदललं नाही आणि सकाळी पोरांवर खेकसणं निम्म्यावर आलं. बस, एवढंच.

*

कोल्हापूर. वय ४८, मुलगी १०.
माझा उजवा खांदा धरला. आधी वाटलं उशी बदलली म्हणून. मग साडीचा पदर मागे टाकता येईना, आणि एक दिवस लेकीच्या दोन वेण्या घालताना हात वरच जाईना. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या! महिनाभर तिच्या बाबांनी घातल्या, एक कानामागे, एक मानेवर. तपासण्यांत साखर काठावर निघाली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१. साखरेच्या त्रासात खांदा असा आखडणं बरंच आढळतं म्हणे, मी कधी ऐकलंही नव्हतं. रात्रीचं जेवण साडेसातला, जेवून पोरीबरोबर रंकाळ्यावर चक्कर, आणि खांद्यासाठी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. आमच्या स्वयंपाकघराच्या दारालगत तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. तिने त्यांच्या शेजारी माझा हात कुठवर पोचला त्याच्या खुणा सुरू केल्या, तारखेसकट. मार्चमध्ये मी तिच्या खालीच होते. दिवाळीत तिच्या वर चार बोटं.