मदत हवी आहे: ग्रुपचे तंबू चिकट आणि कुबट झालेत, कसे धुवायचे? वाचतील का?

पाणवठा

नमस्कार मंडळी. आमच्या ट्रेकिंग ग्रुपचे तंबू सांभाळायची जबाबदारी या दिवाळीपासून माझ्याकडे आली आहे. आधी ज्या दादांकडे हे सामान होतं त्यांची नागपूरला बदली झाली, म्हणून सगळं आता आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आहे. काल एकेक पिशवी उघडून पाहिली आणि काळजीत पडले. डिसेंबरात साम्रदला मुक्काम ठरलाय. तिथली सांदण दरी बघायला नवी मुलं येणार आहेत, त्यातली बरीचशी तंबूत पहिल्यांदाच झोपतील. त्यांना असल्या वासाच्या कापडाखाली झोपवायला मन धजत नाही.

एका तंबूचा फ्लाय, म्हणजे वरचं पावसाचं कापड, आतल्या बाजूने चिकट झालंय. घडी उलगडताना चर्र आवाज करत सुटते, बोटांना लागतं आणि उलटीसारखा आंबट वास येतो. काही जागी पांढुरके पोपडे निघतायत. दुसऱ्याचं कापड चांगलं आहे, पण इनरच्या, म्हणजे आतल्या झोपायच्या तंबूच्या, खालच्या कडेला काळे ठिपके पडलेत आणि तळाला लाल माती अगदी मुरलीय. तिसऱ्याची दाराची चेन बिघडलीय. रनर पुढे सरकतो, पण त्याच्या मागे चेन उघडीच राहते.

सोसायटीची गच्ची वापरता येत नाही, छोटी बाल्कनी आहे. कुणी म्हणतं मशीनला नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर टाक, कुणी म्हणतं कोमट पाण्यात पावडर घालून रात्रभर भिजव. तंबू सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेले आहेत, त्यामुळे प्रयोग करून बघायची हिंमत होत नाही. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगावं, ही विनंती.

कातळकडा

ताई, आधी मशीन आणि पावडर दोन्ही डोक्यातून काढा. मशीनमध्ये कापड पिळवटतं, शिवणींवरची पट्टी सुटते, जाळी फाटते. धुण्याच्या पावडरीचा अंश कापडावर राहतो आणि मग तेच कापड पाणी शोषायला लागतं. ब्लीच आणि कडक गरम पाणीही नको.

चिकट फ्लायबद्दल स्पष्टच सांगतो. तो मळ नाही, त्यामुळे धुवून जाणार नाही. बहुतेक तंबूंच्या फ्लायला आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो, पाणी अडवण्याचं काम तोच करतो. दमट हवा आणि उष्णता मिळाली की पाण्याचे रेणू या लेपाची रासायनिक साखळी तोडत जातात. लेप आधी चिकट होतो, मग आंबट वास येतो, मग पोपडे सुटतात. आपल्याकडे पावसाळाभर ओल आणि एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालचा तापलेला माळा, म्हणजे या बिघाडाला हवं ते सगळं मिळतं. तंबू एकदाही न वापरता घट्ट गुंडाळून ठेवला तरी काही वर्षांनी हे होऊ शकतं. लेप पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. फार तर तो काढून नवा लावता येतो. त्याआधी एक बघून सांगा: फ्लायच्या आतल्या शिवणींवर कारखान्याची पारदर्शक पट्टी आहे का?

काळे ठिपके म्हणजे बुरशी. तंबू उभा करून, म्हणजे पोल लावूनच, स्पंज आणि साध्या पाण्याने आधी माती काढा. लाल माती सुकलेली असताना मऊ ब्रशने झटकली तर अर्धी निघून जाते. ओली चोळली की आणखी आत जाते. मग टबात गार पाणी आणि निकवॅक्स टेक वॉशसारखा डिटर्जंट नसलेला साबण. तो नसेल तर बिनवासाचा सौम्य द्रव साबण अगदी थोडा, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळणं. ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून लावा, थोडा वेळ ठेवा, धुवा. वास जाईल, बुरशी थांबेल. डाग मात्र बहुधा राहतील, आणि ते घालवायच्या नादात घासू नका. डाग असलेला तंबू वर्षानुवर्षं चालतो, घासून लेप गेलेला चालत नाही.

सुईदोरा

चेनचं मी सांगते. रनरच्या मागे चेन उघडी राहते म्हणजे दाते सहसा ठीक असतात, रनर झिजून सैल झालेला असतो. धूळमाती आत घासून असं होतं. आधी जुन्या टूथब्रशने पूर्ण चेन पाण्यात धुवा, वाळवा, आणि परत लावून बघा. नाही जमलं तर रनरच्या मागच्या कडा पकडीने हलकेच दाबा, आधी एक बाजू, मग दुसरी, अगदी थोडं थोडं. जोरात दाबलं तर रनर मोडतो. हा उपाय काही महिने चालतो. पक्कं करायचं तर रनरच बदला. त्याच्या पाठीवर नंबर असतो, बहुतेक तंबूंना पाच किंवा आठ. तो नंबर सांगितला की बॅगा दुरुस्त करणारा बसवून देतो. आख्खी चेन बदलायला सांगितली तर घाई करू नका.

आणि खोबरेल तेल अजिबात नको. दोन दिवस चेन लोण्यासारखी सरकेल, मग त्या तेलावर धूळ बसून आणखी झिजेल.

खाडीकाठ

आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे ओल म्हणजे काय ते विचारू नका. धुण्याइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष वाळवण्यावर द्या. कापड तासाभरात कोरडं लागतं, पण दोऱ्यांचे फास, कोपऱ्यातल्या जाड पट्ट्या आणि शिवणी आतून ओल्याच असतात. बुरशी तिथूनच सुरू होते. बाल्कनी छोटी असेल तर हॉलमध्ये दोरी बांधा, फ्लाय आणि इनर वेगवेगळे टाका, पंखा चालू ठेवा, मध्ये एकदा उलटा. एक पूर्ण दिवस द्यावाच.

उन्हाचा मोह टाळा. कडक ऊन नायलॉनला फार वाईट, कापड हळूहळू कमजोर होतं आणि फाटेपर्यंत कळत नाही. सावली आणि वारा पुरे.

साम्रदबद्दल एक: पाऊस नसला तरी डिसेंबरात पहाटे फ्लाय आतून भिजलेला असेल. झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ आणि बाहेरचं दव. नवी मुलं म्हणतील तंबू गळतोय. गळत नसतो. झोपताना वरच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. सकाळी चहा होईपर्यंत तंबू आडवा करून तळ वाऱ्याला दाखवा, कारण तळाची खालची बाजू कायम ओली असते. तरी घरी आल्यावर त्याच रात्री पिशवीतून काढायचाच.

समुद्रकिनारी नेलात तर पोल गोड्या पाण्याने पुसा. खारं पाणी अॅल्युमिनियमच्या सांध्यात राहिलं की पांढरी पूड धरते आणि सांधे अडकतात.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. चेन धुतल्यावर आणि रनर दाबल्यावर लागतेय! बुरशीवाला तंबू धुवून हॉलमध्ये टांगलाय, वास जवळजवळ गेलाय. कातळकडा, आतल्या शिवणींवर पट्टी आहे, पण दोन-तीन ठिकाणी सुटून लोंबतेय. अशा अवस्थेत तो फ्लाय दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? तळ आणि इनर चांगले आहेत, म्हणून टाकून द्यायला जीव होत नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात हे सगळं ठेवू कुठे?

कातळकडा

पट्टी आहे म्हणजे आतला लेप पॉलियुरेथेनचाच, कारण काही तंबूंना सिलिकॉनचा लेप असतो, त्यावर ती पट्टी चिकटत नाही. दुरुस्तीसाठी हे कळणं गरजेचं होतं. पॉलियुरेथेनवर त्याच जातीचं सीलर, म्हणजे पाणी अडवणारं लावायचं द्रव्य, लागतं, सिलिकॉनवर सिलिकॉनचं. उलटसुलट केलं तर सालपटासारखं निघून येतं.

पण चिकटपणा सगळीकडे असेल तर माझं मत दुरुस्तीच्या विरोधात आहे. पूर्ण लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचा, मग सगळीकडे सीलर ब्रशने लावायचं, शिवणी वेगळ्या भरायच्या. वजन वाढतं, सुट्टीचे दिवस जातात, आणि इतकं करून भर पावसात त्यावर भरवसा ठेवता येत नाही. नवी मुलं त्याखाली असताना मी तो धोका घेणार नाही. इनर आणि पोल ठेवा, त्याच मापाचा फ्लाय सुटा मिळतो का ते बनवणाऱ्यांना विचारा. जुन्या फ्लायच्या दोऱ्या, ताणायचे हुक, चेन हे सगळं काढून ठिगळांच्या डब्यात ठेवा, पुढे कामाला येतं.

बुरशीवाल्या तंबूची एखादी पट्टी सुटली असेल तर ते मात्र जरूर करा. जागा अल्कोहोलने पुसा, सुटलेली पट्टी काढा, शिवणीवर सीम ग्रिप या सीलरचा पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या.

ठेवायचं कुठे: माळ्यावर नको, बाल्कनीतल्या पेटीत नको, गाडीच्या डिकीत तर नकोच. कंपनीची घट्ट पिशवी फक्त प्रवासासाठी. घरी जुन्या सुती उशीच्या खोळीत सैल भरून कपाटात, भिंतीला न टेकवता. पोल आणि खुंट्या वेगळ्या, म्हणजे कापडाला टोचणार नाहीत. पोल मधल्या सांध्यापासून घडी घाला, आतल्या इलॅस्टिकवर ताण सारखा पडतो. पावसाळ्यात उघडीप मिळाली की खोळ बाहेर काढून तासभर पंख्याखाली पसरा आणि आतून हात फिरवून बघा. तळाचे कोपरेही चुकवू नका.

साम्रदला निघायच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या आवारात दोन्ही तंबू लावा, वरून झारीने पाणी मारा आणि कुणाला तरी बॅटरी घेऊन आत बसवा. थेंब कुठून आला तिथे खडूने खूण करा. तेवढ्या वेळात सीलर लावून वाळवता येतं.