सागाने मार्टिनची तक्रार केली, ते बरोबर होतं का?

रातवा:
आधीच सांगते, मालिकेचा शेवट फुटेल. पाहायची असेल तर इथेच थांबा.

'द ब्रिज' ही स्वीडिश-डॅनिश मालिका (२०११ ते २०१८, चार सीझन, ३८ भाग) नुकतीच दुसऱ्यांदा पाहिली आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटावरून घरात कडाक्याचं भांडण झालं. तोच वाद इथे मांडतेय.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. स्वीडनचं माल्मो आणि डेन्मार्कचं कोपनहेगन जोडणाऱ्या ओरेसुंद पुलावर, नेमक्या सीमारेषेवर, एका बाईचं प्रेत सापडतं. उचलायला जातात तेव्हा कळतं की ती एक बाई नाहीच. दोन वेगळ्या बायकांची अर्धी-अर्धी शरीरं जुळवून ठेवली आहेत. म्हणून तपास दोन्ही देशांकडे. स्वीडनची सागा नोरेन, डेन्मार्कचा मार्टिन. सागा ऑफिसात सगळ्यांसमोर शर्ट बदलते, मनात येईल ते तोंडावर बोलते, समोरचा दुखावला हे तिला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मार्टिन अगदी उलटा, माणसांत रमणारा. येन्स नावाचा माणूस मार्टिनच्या मुलाचा, ऑगस्टचा, जीव घेतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटी हा येन्स तुरुंगात मेलेला सापडतो. सागाच्या लक्षात येतं की विष मार्टिनने दिलं. आणि ती आपल्या एकुलत्या एका मित्राला पकडून देते.

माझ्या मते तिने केलं ते योग्यच केलं. 'तिला भावनाच नाहीत म्हणून जमलं' हे वाक्य तर मला अजिबात पटत नाही. पहिल्या सीझनचा शेवट आठवा. ऑगस्ट जिवंत आहे, असं ती मार्टिनला सांगू पाहते. जिला खोटं बोलता येत नाही ती मित्रासाठी खोटं बोलायला जाते, आणि त्याला ते लगेच कळतं. भावना नसलेलं माणूस एवढा आटापिटा कशाला करेल?

कवडसा:
असहमत. तुम्ही शेवट आठवायला सांगितलात, मी सुरुवात आठवायला सांगतो. पुलावर प्रेत पडलंय, रस्ता बंद आहे, आणि हृदयाच्या रुग्णाला घेऊन अँब्युलन्स येते. सागा सोडत नाही, पुरावा बिघडेल म्हणून. मार्टिन सोडतो, तर ती त्याचीच तक्रार करायला निघते! पहिल्याच भागात लेखकांनी दाखवून ठेवलंय की ही बाई नियम बघते, समोर मरणारा माणूस बघत नाही. दुसऱ्या सीझनचा शेवट म्हणजे तीच चूक, फक्त यावेळी अँब्युलन्समध्ये मार्टिन आहे.

ज्याचं पोर मारलं गेलंय त्या बापाला गजाआड पाठवून कुणाचं भलं झालं? तिला तपासातून बाजूला होता आलं असतं. दुसऱ्या कुणाला शोधायचं ते शोधू दिलं असतं.

निंबोणी:
नावं काढा आणि मग वाचा: एका पोलिसाने तुरुंगातल्या कैद्याला विष घालून मारलं. आता सांगा, सहकाऱ्याने गप्प बसावं का? मार्टिन आपल्याला आवडतो म्हणून आपण त्याला सूट देतोय. रातवाशी सहमत.

उंबरठा:
मी दोन्ही बाजूंना थोडं थांबवते. माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता मालिकेचा नाही.

लहानपणी मी बाबांची गाडी न विचारता बाहेर काढली आणि दार खरचटवलं. बाबांनी सगळ्यांना विचारलं. भावाने सरळ माझं नाव सांगितलं. मी रडत खोलीत जाऊन कडी लावली. तासाभराने दार उघडलं तर हा बाहेर उभा, हातात पाण्याचा पेला. तासभर तसाच उभा होता, दार वाजवायचं त्याला सुचलं नव्हतं. तेव्हापासून 'नियम बघते, माणूस बघत नाही' असं कुणी म्हटलं की मला तो पेला दिसतो. त्याला दोन्ही दिसत होतं, कवडसा. खरं सांगणं आणि माझ्यासाठी उभं राहणं ही त्याच्या लेखी एकमेकांविरुद्धची कामं नव्हती.

मालिकेने सागाला कुठलंही निदान चिकटवलं नाही हे मला आवडलं. एक गोष्ट मात्र खटकते. अशा पात्रांना टीव्हीवर नेहमी अचाट बुद्धी द्यावी लागते. ती खून उकलते म्हणून सगळे तिला सांभाळून घेतात. माझा भाऊ साधी नोकरी करतो, कोडी सोडवत नाही. त्यालाही कुणीतरी सागाच्या हान्ससारखा साहेब मिळायला हवा, जो न चिडता समजावून सांगेल.

कवडसा:
उंबरठा, 'माणूस बघत नाही' हे माझं वाक्य मागे घेतो. पेल्याचा प्रसंग वाचून गप्पच झालो.

मुद्दा मात्र सोडत नाही. तुमच्या भावाने दाराशी उभं राहून जे केलं ते सागाला करताच आलं नाही, कारण तिसऱ्या सीझनमध्ये मार्टिनच नाही. मार्टिनचं काम करणाऱ्या किम बोडनियाने मालिका सोडली आणि सागा-मार्टिनची पुन्हा गाठ पडलीच नाही. त्याच्या जागी आलेला हेनरिक चांगला आहे, त्याची हरवलेली बायको-मुली काळजाला घर करतात, पण मार्टिनची जागा रिकामीच राहिली. त्याने तिला माफ केलं का, हे आपल्याला कधी कळलंच नाही. ती सल मला अजून आहे.

रातवा:
ती सल मलाही आहे.

एक आठवण करून देते, जेनिफरची. सागाची धाकटी बहीण. आई तिला मुद्दाम आजारी पाडते अशी सागाची खात्री होती, म्हणून तिने बहिणीला आईवडिलांपासून दूर आणलं. आपल्याच रक्ताच्या माणसांविरुद्ध ती उभी राहिली. आणि तरी जेनिफरने पुढे आत्महत्या केली. मार्टिनची वेळ आली तेव्हा, योग्य ते केलं म्हणून आपलं माणूस आपल्याजवळ राहतं असं नाही, हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ठाऊक असून तिने त्याला पकडून दिलं.

अँब्युलन्सचं तुमचं मान्य, कवडसा. तिथे तिचं चुकलंच.