संगणकाने काढलेला आवर्तकाल तसाच लिहायचा का?

येळ्ळूरकर
बेळगाव-खानापूर भागातल्या बी.एस्सी.च्या मुलांचे पिधानकारी युग्मताऱ्यांवरचे काही प्रकल्प वाचायला मिळाले. दोन तारे एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकतात, प्रकाश उतरतो, आणि त्यावरून एका फेरीचा काळ काढायचा. सगळ्यांची रीत एकच: झेडटीएफ या आकाश सर्वेक्षणाचा डेटा उतरवायचा, लोम्ब-स्कार्गल ही आवर्तकाल शोधायची गणिती पद्धत चालवायची, तिच्या आलेखात सगळ्यात उंच शिखर ज्या काळावर येईल तो आवर्तकाल. माझं मत स्पष्ट आहे. त्या काळावर डेटाची घडी घालून, म्हणजे सगळ्या फेऱ्यांचे ठिपके एकाच फेरीवर मांडून, प्रकाशवक्र (प्रकाशाच्या चढउताराचा आलेख) स्वतः बघितला नसेल, तर तो आकडा प्रकल्पात घेऊच नये.

लोम्ब-स्कार्गल डेटावर साइन वक्र, म्हणजे एका फेरीत एकच चढउतार असलेली लाट, बसवतं. पण एका फेरीत ग्रहणं दोन होतात, म्हणून शिखर बहुतेक वेळा निम्म्या काळावर येतं. डब्ल्यू अर्सी मेजॉरिसची फेरी सुमारे 8 तासांची, शिखर येणार 4 तासांवर. एका प्रकल्पातल्या आलेखात खळग्याच्या, म्हणजे ग्रहणात प्रकाश उतरतो त्या भागाच्या, तळाशी ठिपक्यांचे दोन थर स्वच्छ दिसत होते, एक जरा वर, एक जरा खाली. दुप्पट काळावर घडी घातली असती तर तेच दोन थर सुटे होऊन एक खोल आणि एक उथळ असे दोन खळगे झाले असते. थर छापलेत, आणि खाली काळ निम्माच लिहिलाय. मला याचं खरंच वाईट वाटलं.

निपाणीकर
सर, पटत नाही. गाइया या अवकाश दुर्बिणीच्या तिसऱ्या डेटा प्रकाशनात पिधानकारी युग्मताऱ्यांचे 21 लाखांहून जास्त उमेदवार आहेत. एकेकाला एक मिनिट दिलं आणि रोज आठ तास बसलं, तरी बारा वर्षांहून अधिक लागतील. मुलांनी शिकायचं असेल तर चांगलं सॉफ्टवेअर लिहायला शिकावं. साइन बसत नसेल तर बीएलएस, फेज डिस्पर्शन अशा आवर्तकाल शोधायच्या दुसऱ्या पद्धती आहेत. आणि सरसकट दुप्पट करा म्हणाल तर तेही चुकेल. ययाती तारकासमूहातल्या मायावतीचा, म्हणजे अल्गोलचा, दुसरा खळगा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तिथे 2.87 दिवसांचे 5.73 केले की एकसारखे दोन खळगे मिळतील आणि आपण खूश होऊ.

येळ्ळूरकर
सरसकट दुप्पट करा असं मी म्हटलेलंच नाही. बघून ठरवा म्हणतोय. आणि 21 लाख कुणी सांगितले? प्रकल्पात तारे असतात पाच-सहा. तेवढे बघायला काय हरकत आहे?

कणकुंबीची ताई
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. दोन्ही तारे अगदी सारखे असतील तर खळगेही सारखे येतात. मग डोळ्यांनी कितीही बघा, खरा काळ हा की याच्या दुप्पट ते प्रकाशवक्रावरून ठरत नाही. वर्णपटावरून ताऱ्यांचे वेग मोजावे लागतात.

दुसरं, झेडटीएफची दुर्बीण एकट्या कॅलिफोर्नियातल्या पालोमारला. रोज रात्रीच बघणार, म्हणून दिवसाला एक फेरी जास्त किंवा एक कमी अशी खोटी शिखरं येतात. एसॅस-एसएन या दुसऱ्या सर्वेक्षणाच्या दुर्बिणी हवाई, चिली, टेक्सास, दक्षिण आफ्रिका अशा विखुरलेल्या, तिथे हा त्रास कमी. मुलांनी दोन्हींकडचा डेटा ताडून बघावा. टेस या अवकाश दुर्बिणीला दिवस-रात्रीची अडचण नाही, पण तिचा एक पिक्सेल 21 विकलांचा, म्हणजे फार मोठा. शेजारच्या ताऱ्याचं ग्रहण आपल्या ताऱ्याच्या नावावर जमा होतं.

निपाणीकर
ताई, हे सगळं सॉफ्टवेअरला शिकवता येतं, माझा मुद्दा तोच.

येळ्ळूरकर
मग केआयसी 9832227 या युग्मताऱ्याचं काय? 2022 च्या सुमाराला हे दोन तारे एकमेकांत विलीन होऊन स्फोट होईल, असं भाकीत झालं होतं. 2018 मध्ये कळलं की जुन्या नोंदीत ग्रहणाची एक वेळ बरोबर 12 तासांनी चुकली होती. एका आकड्याने अख्खं भाकीत पडलं.

निपाणीकर
पण ती चूक सापडली कशी? दुसऱ्या एका जुन्या सर्वेक्षणाच्या डेटाशी ताडून. म्हणजे सर्वेक्षणच कामी आलं की हो! इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग, कॉलेजात दुर्बीण नाही. खानापूरच्या आडगावातल्या मुलीला साध्या लॅपटॉपवर पालोमारचा डेटा मिळतो ही केवढी मोठी गोष्ट आहे. तिच्या वाटेत अटी वाढवू नका.

कणकुंबीची ताई
अट वाढवायची नाही, पण डिसेंबरात जांबोटीकडे आकाश स्वच्छ असतं. मायावतीची प्रत (तेजाचा आकडा; मोठा आकडा म्हणजे तारा मंद) 2.1 वरून 3.4 वर उतरते, ग्रहण जवळजवळ दहा तासांचं. दुर्बीण लागतच नाही. शेजारी देवयानीतला गॅमा 2.1 प्रतीचा, ययातीतला एप्सिलॉन 2.9 चा. या दोघांशी तुलना करत दर अर्ध्या तासाला नोंद करायची.

निपाणीकर
ते जरूर करावं, मीही मुलांना घेऊन येतो. पण त्यातून येणारी वेळ दहा-पंधरा मिनिटांनी इकडेतिकडे होणारच. प्रकल्पातला आकडा मी सर्वेक्षणाचाच ठेवणार.

येळ्ळूरकर
ठेवा. घडी घातलेला आलेख मात्र दोन्ही काळांवरचा जोडा, निम्म्या आणि पूर्ण. तेवढ्यावर मी मागे हटणार नाही.