ब्रिज करताना मांडीच्या मागे पेटका येतो, बूड कामच करत नाही. काय सांगू?

मॅटवाली:
मी पिलाटेस (पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायामप्रकार) शिकवते, फक्त मॅटवरचं. एक पन्नाशीच्या काकू येतात, शोल्डर ब्रिजमध्ये (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून बूड वर उचलायचं) तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच मांडीच्या मागे पेटका येतो आणि पाय झटकत उठून बसतात. मी सारखी "ग्लूट्स (बुडाचे स्नायू) आवळा" म्हणते, त्या आवळतातही, तरी कंबरेची कमान होते नि बरगड्या वर येतात. हंड्रेडमध्ये (डोकं आणि पाय उचलून शंभर मोजायचा व्यायाम) मान ताठ. इतक्या मनापासून करतात की बघून जीव तुटतो हो.

फिजिओ_पुणे:
ताई, आधी त्यांच्या टाचा बघा. बुडापासून लांब असतील तर सगळा भार हॅमस्ट्रिंगवर, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंवर जाणारच, टाचा वीतभर अंतरावर आणा. वर जायची घाई नको, श्वास सोडून बरगड्या खाली बसल्या की मगच बूड चार बोटं उचलायचं, तेवढं पुरे. आणि "आवळा" सोडा, त्याने सगळंच आवळलं जातं, त्यापेक्षा "गुडघे समोरच्या भिंतीकडे लांब जाऊ देत" सांगून बघा. त्यांना विचारून हात लावा, आधी मांडी टणक होते की बूड ते लगेच कळतं.

रोजचा_सराव:
कुशीवर झोपून पाय उचलताना माझंही असंच व्हायचं, कंबर मागे कलंडायची आणि खिशाजवळचा तो पुढचा स्नायूच सगळं काम करायचा. आमच्या बाईंनी पाठ भिंतीला टेकवून झोपवलं, पायात मोजे, टाच भिंतीवरून घासत वर. पाय पुढे आला की टाच भिंतीवरून सुटते, आपलं आपल्यालाच कळतं, कोणी ओरडायला नको.

फिजिओ_पुणे:
हे भारी आहे. हंड्रेडचं राहिलं, जोसेफ पिलाटेसच्या ३४ मॅट व्यायामांत तो पहिला म्हणून सगळे त्यानेच सुरू करतात, पण डोकं वर, पाय लांब आणि १०० मोजेपर्यंत धरायचं हे नवख्या पोटाला झेपत नाही, मग मान आणि जांघ मदतीला धावतात. डोकं खाली, गुडघे वाकवून, ३० पर्यंतच मोजा. पोटाच्या मधोमध उंचवटा दिसला की तिथेच थांबवा. शरीर लबाडी करत नाहीये, जे जमतं त्याने काम भागवतंय.

मॅटवाली:
आज टाचा जवळ घेतल्या, सहा वेळा झालं, पेटका नाही!! काकू स्वतःच बुडाला हात लावून म्हणाल्या, "अगं, इथं लागतंय आज."