मदत हवी आहे: पाठीवर कवटी असलेला पतंग, स्टिक्स की लॅकेसिस?

नमस्कार मंडळी. नागपुरात अंबाझरीच्या बाजूला, व्हरांड्यातल्या दिव्यावर अ‍ॅकेरॉन्शिया प्रजातीचा (म्हणजे जीनसचा, जवळच्या जातींच्या गटाचा) पतंग आलाय. प्रजातीबद्दल शंका नाही: पाठीवर कवटीची खूण ठसठशीत, सोंड आखूड आणि जाडजूड (मधाच्या पोळ्याचं मेण फोडायला अशीच लागते), हात लावला की चीं-चीं आवाज करतो. या प्रजातीत तीनच जाती. अ‍ॅट्रोपॉस आफ्रिका-युरोपकडची, म्हणून ती सोडली. उरल्या दोन: स्टिक्स आणि लॅकेसिस.

मागचे पंख दिसले तर प्रश्न मिटतो, हे माहीत आहे. स्टिक्सचे पिवळे, त्यावर काळे पट्टे. लॅकेसिसच्या पंखाच्या मुळाशी मोठा काळा डाग. पण हा पंख मिटून बसलाय. त्याला मारायचं, टाचायचं किंवा पंख ओढून उघडायचे नाहीत. अंधार पडला की सोडणार आहे. तोवर काचेच्या बरणीत आहे, त्यामुळे पोटाची खालची बाजूही नीट दिसते. फोटो वरून, बाजूने आणि खालून घेतलेत.

मिटलेल्या पंखांवर, पुढच्या पंखावरचा ठिपका, कवटीखालची निळसर झाक आणि पोटाखालचे पट्टे यांपैकी कशावर भरवसा ठेवून जात सांगता येईल?